माग थांबल्यावर

हेमावतीला किळस यायला फार काही लागत नसे. ताटाच्या कडेला सुकलेलं शीत दिसलं की तिचा हात जागच्या जागी आखडायचा. कुणी बोट चाटून पंचांगाचं पान उलटलं, तर ते पंचांग ती पुन्हा हातात धरत नसे. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं मराठी संपून कानडी लागते, अशा गावात तिचं आयुष्य गेलं होतं. अंगण सारवलेलं, चूल पोतारलेली, पाण्याची घागर राखेनं घासलेली. नवरा गेल्यावर मुलानं तिला सोलापूरला आणलं, ते थेट यंत्रमागांच्या डोक्यावर.

त्या मुलाचा, शिवानंदचा, टॉवेलचा कारखाना होता. खाली माग, वर घर. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारपर्यंत कापसाची लव साचायची. दुधावर लव, देव्हाऱ्यावर लव, भिजत घातलेल्या डाळीवर लव. घास तोंडात घेतला की जिभेला धागा लागायचा, आणि हेमावती तो दोन बोटांनी ओढून काढताना असं तोंड करायची, की जणू आतून अळीच निघाली.

आणि खडखडाट! समोरासमोर बसलेल्या माणसाचा शब्द कळत नसे. म्हणून घरात सगळे हातांनीच बोलत. पाणी हवं, अंगठा ओठाशी. जेवायला या, पाच बोटं एकत्र. मालक आला, मिशीवरून बोट. खालचे कामगार तर अख्खी भांडणं हातांनी करत, शिव्यांसकट.

अशा घरात दानेश्वरी जन्मली. शिवानंद आणि महेश्वरीची एकुलती एक, सगळ्यांची दानू. डोळे टपोरे, हात चपळ. पाच बोटं एकत्र केली की धावत यायची, पाटावर बसायची. बोट दाखवलं की ती वस्तू आणून द्यायची. मागांचा खडखडाट चालू असला की गाढ झोपायची, आणि माग थांबले की टक्क जागी व्हायची. महेश्वरी कौतुकानं सांगायची, "कान किती तिखट आहेत बघा हिचे. माग थांबला की लगेच कळतं."

फक्त दानू बोलत नव्हती. दोन वर्षं उलटून गेली, तरी घशातून एक घुमारा निघे, तेवढाच. शब्द नाही.

महेश्वरी सोलापुरातच शिकलेली, बी. कॉम. झालेली. पोरीला खेळगटात घालायला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "घरात किती भाषा बोलता?" महेश्वरी म्हणाली, आम्ही मराठी, सासूबाई कानडी. बाईंनी मान हलवली. "तेच ते! दोन भाषांनी मेंदू गोंधळतो. एकच ठेवा."

संध्याकाळी महेश्वरीनं सासूला सांगितलं. सासूला ती अत्ती म्हणायची. "अत्ती, राग मानू नका. दानूशी कानडी बोलू नका. मराठी येईल तेवढं बोला."

हेमावतीची मराठी बाजारापुरती. भाव करायला पुरेल, वस्तू परत करायला पुरेल. लेकराला जवळ घेऊन बोलायची मराठी तिच्याकडे नव्हती. त्या दिवसापासून आजी-नात फक्त हातांनी बोलू लागल्या, आणि झालं भलतंच. दानू आजीला जी चिकटली ती सुटेना. महेश्वरी म्हणाली, "बघा, किती फरक पडला!"

कानडीच्या जागी मोबाईल आला. जेवताना डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात रंगीत प्राणी नाचत, कुणी हिरव्या चिकट लगद्यात हात घालून तो ताणत बसे. दानूच्या हनुवटीवरून वरण ओघळत असे आणि डोळे त्या लगद्यावर. हेमावती तोंड फिरवून घेई. तिनं एकदा मोबाईल पालथा घातला. दानूनं असा टाहो फोडला की महेश्वरीनं तो परत उभा केला. "अत्ती, असू द्या हो. त्यानंच शब्द येतात."

"शेंबूड आणि शब्द एकाच नळीतून येतात वाटतं," हेमावती कानडीत पुटपुटली. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

खाली मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बजाबाई यायची. करमाळ्याकडची, उंच, सुपारी खाऊन दात लाल झालेली. मागच्या अंगाला एका खोलीत राहायची. एकदा जिन्यात तिनं हेमावतीला गाठलं.

"आक्का, रागवू नगा, पन एक सांगू का? पोरीला भेजा खाऊ घाला."

"काय?"

"शेळीचा भेजा वो. भेज्यानंच भेजा वाडतो. माज्या थोरल्या नातवाची जीब उचलत नव्हती. सात आयतवार खाऊ घातला, आता तोंड बंद करायला चापट माराय लागतीय."

हेमावतीनं पदर नाकाला लावला. "तुला कळतंय का कुणाला बोलतीस? लिंगायत बाई मी, गळ्यात लिंग हाय माझ्या."

"तुमच्या गळ्यात हाय. पोरीच्या जिबंवर काय हाय?"

तोंडात लाल थुंकी घोळवत बोलणारी ती बाई हेमावतीला त्या क्षणी इतकी घाणेरडी वाटली की जिना चढून जाऊन तिनं हातपाय धुतले. पण बोलणं काही धुऊन निघालं नाही. पुढं लग्नाच्या पंगतीत एका बाईनं दानूकडं बघून दुसरीला कोपरानं ढोसलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मुकी आहे वाटतं, असं. ती खूण दानूनंही बघितली आणि हसत तसंच बोट आपल्या ओठांवर ठेवलं. त्या दिवशी हेमावती पंगतीतली पोळी ताटात तशीच टाकून उठली.

रविवारी ती बाहेर पडली. लिंग काढून घरी ठेवावं तर पाप, गळ्यात ठेवून मटणाच्या दुकानात जावं तर त्याहून मोठं पाप. शेवटी ते चोळीच्या आत खोल सारलं, वर पदर आवळून घेतला, कपाळावरची विभूती पुसली आणि मनात म्हणाली, सिद्धरामा, डोळे मीट.

दुकानाच्या दारात माशा. आत आकड्यांना लटकवलेली, सोललेली जनावरं. खाली ओल, तांबूस, पावलाखाली चिकट. तिनं पदर नाकावर घट्ट धरला. खाटकानं तिच्याकडं बघितलं. पुसलेल्या विभूतीचे तीन पट्टे कपाळावर अजून पांढुरके दिसत होते.

"अज्जी, क्या होना?"

तिनं डोक्याला बोट लावलं. तोंडानं शब्द उच्चारायची तिची तयारी नव्हती.

"भेजा? बच्चे के वास्ते?" त्यानं पुढं काही विचारलं नाही. लाकडी ठोकळ्यावर एक मुंडकं ठेवलं. सुरा वर गेला. हेमावतीनं डोळे मिटले, पण कान कसे मिटणार? कवटी फुटल्याचा आवाज तिच्या दातांपर्यंत पोचला.

पिशवीत तो गोळा एवढासा होता. तळहातावर मावेल एवढा. आणि ऊन, अजून कोमट! वाटेत पिशवी मांडीला लागली की तिचं अंग शहारायचं.

बजाबाईनं खोलीत ताटलीत तो ओतला. हेमावतीला बघायचं नव्हतं, तरी तिनं बघितलं. खरवसासारखं थरथरणारं, ओलं, पांढुरकं काहीतरी. त्यावर वळकट्या, वळकट्यांवर लाल शिरांचं जाळं. बजाबाईनं नखानं वरची पातळ साल ओढली. "ही काडावी लागती, न्हाय तर कडू लागतंय."

एवढ्याशा लगद्यात शेळी होती? हेमावतीच्या मनात आलं. आपल्या आईचा आवाज ओळखणारी, दावं सोडलं की पळणारी शेळी, ती ह्या घाणीत कुठं बसली होती?

बजाबाईनं हळद, मीठ, मिरपूड घालून परतलं. हेमावती दारात उभी, नाकाला पदर. दानू उंबऱ्याशी रिकाम्या कांड्या ओळीनं मांडत होती. पलीकडं माग धडधडत होते.

पहिला घास आजीनंच भरवला. तिला वाटलं होतं पोर थुंकेल. मनातून तिला तेच हवं होतं. दानूनं मिटक्या मारत खाल्लं, आणि पाच बोटं एकत्र करून तोंडाशी नेली. अजून.

"बगा!" बजाबाई खूश झाली. "रगताला कळतंय काय पायजे ते!"

तेलकट पिवळी कणी नातीच्या ओठावर चिकटलेली बघून हेमावती मोरीकडं धावली. सकाळचा चहा, कालचं जेवण, सगळं पडलं. ती भिंतीला धरून उभी होती तेवढ्यात लाईट गेली.

माग थांबले. रोज दिवसभर कानात असलेला आवाज एकदम गेला की डोकं रिकामं झाल्यासारखं वाटतं. त्या शांततेत हेमावतीनं तोंड पुसलं, वळली. दानू पाठमोरी बसली होती. हातात कांडी, पण आता दुसरा तळहात फरशीवर टेकवून ती इकडंतिकडं बघत होती, जणू फरशीनं काहीतरी बोलायचं थांबवलं होतं.

"दानू, बा," हेमावतीनं हाक मारली. ये म्हणून, कानडीत. मनाई होती हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

दानू वळली नाही.

"दानू! बा इल्ली!"

"मागाच्या आवाजात ऐकू येत नसंल," बजाबाई सवयीनं म्हणाली, आणि मग स्वतःच थबकली. "अगं बया. माग बंद हायत की."

बजाबाईनं तवा उचलून त्यावर उलथनं आपटलं. शेजारचं कुत्रं भुंकत उठलं. दानू कांडीला फुंकर घालत बसली होती. हेमावती पुढं गेली. पावलाचा हादरा फरशीतून कळला तशी दानू चटकन वळली, आजीला बघून हसली, आणि ते तेलकट तोंड तिच्या लुगड्याला पुसलं.

तिखट कान! पोरीला मागांचा आवाज कधी कळलाच नव्हता. जमिनीची थरथर थांबली की ती जागी व्हायची. आणि बाकी सगळं घर हातांनी बोलत होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

पोरीला ऐकू येत नसल्याचं हेमावतीनं घरी सांगितलं, भेज्याचं नाही. इस्पितळाच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. हेमावती लुगडं घोट्याच्या वर धरून, भिंतीला न शिवता चढली. शिवानंदच्या कडेवर दानू, मागं महेश्वरी. तपासणी झाली. पोरीला औषधानं झोपवलं, डोक्याला चिकट मलम फासून वायरी लावल्या. संगणकावर सपाट रेघा आल्या.

डॉक्टर उत्कर्षाबाई वयानं महेश्वरीएवढ्याच. त्यांनी सरळ सांगितलं. दोन्ही कान जन्मापासून बंद. भाषेचा काही संबंध नाही. दोन काय, चार भाषा असत्या तरी पोरीनं पेलल्या असत्या. बाहेरच्या, कानात घालायच्या यंत्राचा उपयोग होतो का बघू, पण बहुतेक नाही होणार. मग शस्त्रक्रिया. आतल्या कानात बारीक तार घालायची, आणि बाहेर कानामागं यंत्र. "आणि लवकर. साडेतीन वर्षांच्या आत झालं तर फार फरक पडतो."

"कान पुढं मोठेपणी उघडला तर नाही चालत?" शिवानंदनं विचारलं.

"कान उघडून भागत नाही. ऐकतो मेंदू. जन्मतः मेंदूत पेशी भरपूर असतात, पण एकमेकींना पुरत्या जोडलेल्या नसतात. मग एकेक पेशी फांद्या काढते. वेलाचं टोक कसं हवेत चाचपडतं, तशी ती टोकं चाचपडत जातात. दुसऱ्या पेशीला भिडली की सांधा होतो. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत असे सांधे गरजेपेक्षा जास्तच होतात. कोट्यवधी. मग छाटणी. ज्यातून निरोप जात-येत राहतो ते सांधे पक्के होतात, जे रिकामे पडून राहतात ते गळतात."

"आणि आवाजच आला नाही तर?" महेश्वरीनं विचारलं.

"तर ऐकण्याच्या जागेतले सांधे नीट बांधले जात नाहीत. मेंदू जागा रिकामी ठेवत नाही हो. डोळ्यांचं, स्पर्शाचं काम तिथं हातपाय पसरू लागतं. म्हणून तर ही हात इतके चटकन वाचते. उशीर केला की कानातून आवाज जाईल, पण आत त्याचा अर्थ लावणारं कुणी नसेल."

हेमावती म्हणाली, "पण आत असलं काही दिसत नाही. नुसता लगदा असतो."

सगळे तिच्याकडं वळले. शिवानंदच्या भुवया वर गेल्या. "तू कुठं बघितलास, अव्वा?"

हेमावतीनं विषय पुढं ढकलला. "बाई, शेळीचंही असंच असतं का?"

उत्कर्षाबाई हसल्या. "दूध पिणाऱ्या सगळ्यांचं असंच. उंदीर, मांजर, शेळी. फक्त करडू पडल्या पडल्या उभं राहतं, त्याची बरीचशी जोडणी पोटातच झालेली असते. माणसाचं पोर अर्धी जोडणी बाकी ठेवून येतं. उरलेली तुम्ही करायची, बोलून, गाऊन. सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, आजी. केसाहून बारीक."

"आणि भेजा खाऊन वाढतात का?"

"खाल्लेलं पोटात जिरतं. तिथून उठून डोक्यात जाऊन बसत नाही."

हेमावतीनं पदरानं ओठ पुसले. तो वास, ती ऊन पिशवी, ती मिटक्या मारणारी जीभ. सगळं फुकट.

बाहेरच्या यंत्रानं काही झालं नाही. कानाचं माप घ्यायला गुलाबी लगदा दानूच्या कानात दाबला, यंत्र बसवलं, महिने गेले, पोर ते उपटून मोरीत टाकायची. उत्कर्षाबाईंनी शस्त्रक्रियेची तारीख विचारली. आणि घर अडून बसलं.

हेमावतीचा धाकटा भाऊ राजशेखर अक्कलकोटहून आला. घरात कुठलाही मोठा निर्णय मामाशिवाय होत नसे. त्यानं बैठकीत मांडी घातली, मोबाईलवर शस्त्रक्रियेचा व्हिडिओ लावला आणि अर्ध्यात बंद केला.

"शी शी शी! कवटी कोरतात. आत लोहचुंबक बसवतात, वर चकती चिकटवतात. ओकारी आली मला. हे आपल्या पोरीला करायचं?"

शिवानंद मान खाली घालून बसला होता. "मलाही बघवलं नाही, मामा."

"आपला सिद्धप्पा पाच वर्षांचा होऊन बोलला. आता ग्रामपंचायतीत कुणाला बोलू देत नाही. थांबा जरा. कार्तिकात नवस बोलू. आणि उद्या लग्नाचं काय? डोक्याला यंत्र चिकटवलेली पोरगी कोण पत्करणार? बघणाऱ्यालाच किळस येईल."

"थोडं थांबूया," शिवानंद म्हणाला. "एवढ्या चार-सहा महिन्यांनी काय..."

महेश्वरी दाराशी उभी होती. मामासमोर ती बैठकीत येत नसे.

हेमावतीला आपल्या भावाकडं बघवेना. त्याच्या मिशीला चहाची साय लागली होती आणि तो किळसेच्या गोष्टी सांगत होता. तिला आयुष्यात पुष्कळ गोष्टींची किळस आली होती, पण पांढऱ्याशुभ्र धोतरात बसलेल्या, धुतल्या तोंडाच्या माणसाची इतकी कधी आली नव्हती.

"राजा," ती म्हणाली, "किळस तू मला शिकवू नको."

"अक्का, मी आपलं..."

"मी खाटकाच्या दुकानात गेले. ह्या पायांनी. गळ्यात लिंग होतं. शेळीचा भेजा आणला, ऊन होता. माझ्या समोर साल ओढली त्याची. आणि ह्या हातानं पोरीला भरवला."

राजशेखर नकळत गादीवरून मागं सरकला.

"अत्ती," महेश्वरी कशीबशी म्हणाली, "माझ्या कुकरमध्ये?"

"बजाबाईच्या तव्यावर."

"लिंग गळ्यात ठेवून!" राजशेखर ओरडला. "मठात कळलं तर? दीक्षा पुन्हा घ्यावी लागेल तुला!"

"घेईन. स्वामी सांगतील ते करीन. पण मी बावळटासारखी का होईना, पोरीसाठी घाणीत हात घातला. तुम्ही बापे एक व्हिडिओ बघून ओकताय! मिशी पूस आधी, साय लागलीय." ती शिवानंदकडं वळली. "त्या बाईनं काय सांगितलं? रिकामे सांधे गळतात. तुझ्या मामाचा कार्तिक येईपर्यंत ते थांबणार आहेत का? तुझी किळस मोठी का पोरीचं डोकं?"

तेवढ्यात महेश्वरी दारातून आत आली, मामासमोर पहिल्यांदाच मधोमध उभी राहिली, आणि टेबलावरचा मोबाईल उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"डॉक्टरबाईंना फोन लावा. पुढची जी तारीख असेल ती. आणि अत्ती, आजपासून तुम्ही कानडीतच बोला. ती खेळगटातली बाई मरू दे."

राजशेखर जेवायला थांबला नाही. त्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. हेमावतीनं त्याचा अर्धा चहा मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला.

शस्त्रक्रिया झाली. कानामागची जखम, डोक्याचा एका बाजूनं भादरलेला भाग, टाक्यांवरची पिवळी खपली. हेमावतीला ते रोज पुसायला लागायचं. रोज किळस यायची, आणि रोज ती ते पुसायची. महिन्याभरानं यंत्र चालू करायचा दिवस आला.

खोली बंद, पंखासुद्धा बंद. दानू आजीच्या मांडीवर. उत्कर्षाबाईंनी ती गोल चकती केसांत लावली, ती टक्कन चिकटली. "हळूहळू वाढवते. रडली तर घाबरू नका. आवाज काय असतो हे तिला माहीत नाही. आणि आज लगेच काही कळायचं नाही. आत्ता कुठं जोडणी सुरू होईल, वर्षं लागतील." मग त्यांनी मान हलवून हेमावतीला खूण केली. बोला.

हेमावतीनं दानूला मांडीवर जरा सावरून घेतलं. महेश्वरी श्वास रोखून बसली होती. शिवानंद भिंतीकडं बघत होता.

"दानू," हेमावती म्हणाली, "बा."

दानूचं अंग ताठ झालं. डोळे विस्फारले. मग तिचं नाक आकसलं, वरचा ओठ उचलला गेला, जीभ थोडी बाहेर आली. घासात धागा लागल्यासारखं, आत अळी निघाल्यासारखं तोंड.

"अगदी अत्ती!" महेश्वरीला हसू आणि रडू एकदमच आलं.

हेमावतीनं ते वाकडं तोंड डोळे भरून बघितलं. इतकं सुंदर काही तिनं जन्मात बघितलं नव्हतं. पोरीला किळस आली होती. म्हणजे काहीतरी आत पोचलं होतं.

"बा, दानू," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.

दानूनं पुन्हा नाक मुरडलं, आणि ही घाण येतेय तरी कुठून, हे शोधायला मान वळवून आजीच्या तोंडाकडं बघितलं.